विद्यापीठाच्या आवारातला पहारा

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांना स्वतःचे पोलीस दल असते. कंत्राटाने आणलेल्या पहारेकऱ्यांपेक्षा हे दल निराळे. त्यातल्या माणसांना अटक करण्याचा कायदेशीर अधिकार असतो आणि बहुतेकांच्या कमरेला पिस्तूल असते. अडीच हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या, चार वर्षांची पदवी देणाऱ्या संस्थांची अमेरिकेच्या न्याय खात्याने २०११-१२ मध्ये पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७५ टक्के संस्थांत सशस्त्र अधिकारी नेमलेले आढळले. त्याआधी सात वर्षे हे प्रमाण ६८ टक्के होते. भारतात पोलिसांनी विद्यापीठाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकले की त्याची बातमी होते. अमेरिकेत मात्र पोलीस चौकी ग्रंथालयाइतकीच आवाराचा भाग बनली आहे. ही व्यवस्था कोणी एका बैठकीत आखलेली नाही. पहारा कोणाचा आणि कोणापासून करायचा, याचे उत्तर तिथे दर पिढीत बदलत गेले आणि बहुतेक वेळा ते कोणाचा तरी जीव गेल्यावर बदलले.

विद्यापीठाने स्वतःचे शिपाई बाळगण्याची रीत इंग्लंडातली. ऑक्सफर्डमध्ये १० फेब्रुवारी १३५५ रोजी, संत स्कोलास्टिकाच्या सणाच्या दिवशी, स्विंडलस्टॉक नावाच्या गुत्त्यात दारू बेचव निघाल्यावरून विद्यार्थ्यांची गुत्तेवाल्याशी जुंपली. भांडण रस्त्यावर आले, दोन्हीकडच्या चर्चमधल्या घंटा वाजल्या, आसपासच्या खेड्यांतून माणसे हत्यारे घेऊन शहरात शिरली. परंपरेने सांगितला जाणारा विद्यापीठाकडच्या मृतांचा आकडा ६३ आहे. गावकरीही बरेच मेले. राजाने निकाल विद्यापीठाच्या बाजूने दिला. शहराच्या महापौराने दरवर्षी त्याच दिवशी चर्चमध्ये हजेरी लावून मृतांसाठी प्रार्थना करायची आणि ६३ पेन्स भरायचे, अशी शिक्षा ठरली. ती जवळपास पावणेपाचशे वर्षे, १८२५ पर्यंत भोगली गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने विद्यापीठांना स्वतःचे शिपाई नेमण्याचा अधिकार कायद्याने दिला. ऑक्सफर्डचे हे शिपाई डोक्यावर बोलर हॅट घालून शिस्त अधिकाऱ्याच्या मागे फिरत आणि विद्यार्थी त्यांना ‘बुलडॉग’ म्हणत. त्यांचे पोलिसी अधिकार २००३ मध्ये गेले.

गाव आणि विद्यापीठ यांच्यातले हे वैर समुद्र ओलांडून अमेरिकेतही गेले. १७०१ साली स्थापन झालेले येल कॉलेज पुढे कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात स्थिरावले आणि एकोणिसाव्या शतकात तिथे दंगली ठरावीक अंतराने होत राहिल्या. १८२४ मध्ये गावातल्या एका मुलीचे प्रेत थडग्यातून उकरून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चिरफाडीसाठी नेल्याचे उघड झाले आणि जमावाने वैद्यकीय शाळेला वेढा घातला. १८४१ आणि १८५८ मध्ये गावच्या अग्निशामक टोळ्यांशी मारामाऱ्या झाल्या. दुसऱ्या वेळी आगवाल्यांपैकी एकजण गोळी लागून मेला. १८५४ ची दंगल त्याहून विचित्र. नाटकगृहात सुरू झालेल्या बाचाबाचीत गावातल्या एकाला भोसकले गेले, तेव्हा खवळलेल्या गावकऱ्यांनी स्थानिक पलटणीच्या तोफा ओढत आणून कॉलेजच्या दिशेने रोखल्या. शहराच्या पोलीस अधिकाऱ्याने त्या वेळीच निकामी केल्या, म्हणून कॉलेजच्या विटा शाबूत राहिल्या.

पुन्हा १८९४ मध्ये विद्यार्थी, नागरिक आणि पोलीस यांच्यात खटके उडाले, तेव्हा सर्व बाजूंच्या समितीने एक साधी तोड सुचवली. शहराच्या पोलीस दलातली दोन माणसे कायमची कॉलेजकडे द्यावीत. विल्यम वायझर आणि जेम्स डोनली या दोघांची नेमणूक झाली आणि अमेरिकेतले पहिले विद्यापीठ पोलीस दल म्हणून हीच जोडगोळी गणली जाते. विद्यार्थी आधी त्यांच्याकडे संशयाने पाहत. हे हेरगिरीलाच आलेत असा समज होता. पण दारू पिऊन पडलेल्या पोराला कोठडीऐवजी खोलीवर पोचवणारा, फेरीवाले आणि भुरट्या चोरांना हुसकून लावणारा पोलीस हळूहळू आपला वाटू लागला. थोड्याच काळात दोघेही येलच्या नोकरीत आले आणि वायझर दलाचा प्रमुख झाला. यात ध्यानात घेण्याजोगे ते हे, की हा पोलीस विद्यार्थ्यांना गुन्हेगारांपासून वाचवण्यासाठी नेमलेला नव्हता. विद्यार्थ्यांना गावापासून आणि गावाच्या पोलिसांपासून, गावाला विद्यार्थ्यांपासून दूर ठेवणारा तो मध्यस्थ होता.

येलचे अनुकरण लगेच कोणी केले नाही. पुढची पन्नास-साठ वर्षे बहुतेक कॉलेजांत पहारा म्हणजे रात्रीचा रखवालदार. तो इमारत देखभाल विभागाचा नोकर असे. बॉयलर नीट चालतो आहे का, नळ फुटला आहे का, दारांना कुलपे आहेत का, कुठे धूर दिसतो का, हे पाहत फेऱ्या मारणे हे त्याचे काम. लाकडी इमारती आणि कोळशाच्या शेगड्या यांच्या काळात आग हेच सर्वांत मोठे भय होते, त्यामुळे या कामाला हलके लेखण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीने शिकायला आलेल्या माजी सैनिकांनी वर्ग भरले, विद्यार्थ्यांकडे मोटारी आल्या आणि पहारेकऱ्यांच्या हाती दंडाच्या पावत्यांचे पुस्तक आले. विद्यापीठांच्या सुरक्षा प्रमुखांची राष्ट्रीय संघटना १९५८ मध्ये ॲरिझोनात स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात ‘वाहतूक’ हा शब्द ‘सुरक्षे’च्या आधी होता.

त्या काळी पोलिसांची फारशी गरज भासली नाही, याचे खरे कारण निराळे होते. कॉलेज विद्यार्थ्याच्या आईबापांच्या जागी आहे, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले होते. केंटकीतल्या बेरिया कॉलेजने विद्यार्थ्यांना बाहेरच्या खानावळीत जाण्याची बंदी केली, तेव्हा धंदा बुडालेला खानावळवाला न्यायालयात गेला. १९१३ मध्ये तो हरला, कारण बाप मुलाला जे सांगू शकतो ते कॉलेजही सांगू शकते असे न्यायालय म्हणाले. या अधिकाराचा सर्वांत मोठा भार मुलींवर पडे. वसतिगृहात रात्री ठरावीक वेळेपर्यंत परतायचे, बाहेर जाताना वहीत सही करायची, पुरुष पाहुण्यांना दिवाणखान्यापलीकडे आणायचे नाही. दाराशी वॉर्डन बसलेली असे आणि घंटा वाजली की दाराला कुलूप लागे. मुलांना बहुतेक ठिकाणी असले काही बंधन नव्हते. नियम जाचक आणि अन्यायी होते यात शंका नाही. पण त्या जाचासोबत एक बंद दारही फुकट मिळत होते, आणि ही गोष्ट नियम रद्द करताना कोणाच्या ध्यानात आली नाही.

हे तत्त्व मोडले ते अलाबामात. मॉन्टगोमेरी इथल्या अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये वर्णभेद पाळणाऱ्या उपाहारगृहात बसून निषेध केला. कॉलेजने त्यातल्या नऊ जणांना म्हणणे ऐकून न घेता काढून टाकले. १९६१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ठरवले की सरकारी कॉलेजला असे करता येणार नाही. विद्यार्थी हा प्रौढ नागरिक आहे आणि त्याला सुनावणीचा हक्क आहे. पुढच्या दहा वर्षांत सह्यांच्या वह्या आणि रात्रीच्या घंटा एकेक करून गेल्या.

त्याच दहा वर्षांत आवाराचा रंगही पालटला. बर्कलीमध्ये १ ऑक्टोबर १९६४ रोजी राजकीय पत्रके वाटणाऱ्या एका तरुणाला पोलीस गाडीत बसवले गेले आणि विद्यार्थ्यांनी ती गाडी ३२ तास हलू दिली नाही. मारिओ सॅव्हियोसारखे वक्ते बूट काढून गाडीच्या टपावर चढून बोलत होते. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आंदोलक विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या इमारती रिकाम्या करण्यासाठी शहराचे पोलीस बोलावले. सुमारे सातशे जणांना अटक झाली आणि लाठ्यांचे वळ पाहून तोवर तटस्थ राहिलेले विद्यार्थी आणि प्राध्यापकही आंदोलकांच्या बाजूला गेले. दक्षिणेत ऑरेंजबर्ग इथे त्याच वर्षी महामार्ग पोलिसांच्या गोळ्यांनी तीन कृष्णवर्णीय तरुण मेले. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेटमध्ये राज्याच्या नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले, आणि मेलेल्यांपैकी दोघे तर निदर्शनात नव्हतेच. अकरा दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटमध्ये आणखी दोघांचा बळी गेला. जॅक्सन स्टेट आणि ऑरेंजबर्ग ही नावे केंट स्टेटइतकी कोणाला आठवत नाहीत, याचे कारण मेलेल्यांचा रंग.

या सगळ्यातून विद्यापीठांच्या प्रशासनांनी काढलेला निष्कर्ष व्यवहारी होता. बाहेरचे बळ एकदा आत बोलावले की त्याच्यावर विद्यापीठाचा ताबा राहत नाही. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना ओळखणारे, विद्यापीठाच्या अध्यक्षांना उत्तर देणारे आपले दल हवे. राज्याराज्यांच्या विधिमंडळांनी तसे कायदे केले. अनेक ठिकाणी शहरातला निवृत्त पोलीस अधिकारी प्रमुख म्हणून आला, पदवीधर शिपायांना प्राधान्य मिळाले, काही दलांनी गणवेशाऐवजी कोट आणि टाय घालून पाहिला. येलमध्ये १८९४ साली जे सुचले होते तेच पुन्हा, फक्त मोठ्या प्रमाणावर.

टेक्ससमध्ये मात्र कारण वेगळे होते. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिनच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी, माजी मरीन सैनिक, रायफली भरलेली पेटी घेऊन मुख्य इमारतीच्या मनोऱ्यावर गेला आणि सुमारे दीड तास खालच्या माणसांवर नेम धरून गोळ्या झाडत राहिला. डझनाहून अधिक माणसे मेली, तीसहून अधिक जखमी झाली. त्याआधीच्या रात्री त्याने आई आणि पत्नी यांना मारले होते. विद्यापीठाचे पहारेकरी निःशस्त्र होते. शहराच्या पोलिसांकडच्या पिस्तुलांची गोळी तिथवर पोचत नव्हती. गावातल्या लोकांनी घरून शिकारीच्या बंदुका आणून खालून उलट गोळीबार केला. अखेर शहराचे काही पोलीस आणि विद्यापीठाच्या पुस्तक दुकानाचा एक कर्मचारी जिन्याने वर गेले आणि पोलिसांनी त्याला ठार केले. पुढच्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने विद्यापीठांना पोलीस नेमण्याची मुभा दिली. पण या घटनेतली दुसरी गोष्ट चाळीस वर्षे तशीच पडून राहिली. या तरुणाने चार-पाच महिने आधी विद्यापीठाच्याच मानसोपचारतज्ज्ञाजवळ मनोऱ्यावरून रायफलीने माणसे मारण्याचा विचार मनात येतो असे बोलून दाखवले होते, आणि ते त्या खोलीतल्या कागदावरच राहिले होते.

सत्तरच्या दशकात स्त्रीचळवळीने आणखी एक प्रश्न पुढे आणला. मुलींना रात्री ग्रंथालयातून खोलीपर्यंत सुखरूप जाता येत नसेल, तर विद्यापीठाचे दरवाजे त्यांना उघडले या म्हणण्याला अर्थ काय? दिव्यांची संख्या वाढली, झुडपे छाटली गेली, रात्री सोबत करणाऱ्या विद्यार्थ्यांची पथके निघाली, आणि निळा दिवा लावलेले खांब उभे राहिले, ज्यांवरचे बटण दाबले की थेट पोलिसांशी बोलता येई. हे उपाय उपयोगी होते, पण ते सगळे एकाच समजुतीवर उभे होते: धोका म्हणजे अंधारातला अनोळखी माणूस.

ही समजूत खोटी ठरली ती पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम या पोलादाच्या गावात. तिथले लिहाय विद्यापीठ १८६५ साली स्थापन झाले आणि १९७१ पासून मुलींना घेऊ लागले. जीन क्लेरी ही तिथली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचे भाऊ न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात शिकले होते आणि तीही तिथेच जायची होती. पण तिथे एका तरुणीचा खून झाल्याचे कळल्यावर आईवडिलांनी टेकडीवरचे, शांत दिसणारे लिहाय निवडले. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे त्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी वसतिगृहात शिरला. आपोआप कुलूप लागणारी एकामागून एक तीन दारे वाटेत होती आणि तिन्ही दारांत पिझ्झाचे खोके अडकवून ती कोणीतरी उघडी ठेवली होती. जीन झोपेत होती. तिच्यावर बलात्कार करून तिचा गळा दाबण्यात आला. ती १९ वर्षांची होती.

कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांना खटल्याच्या तयारीत कळले की आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे नोंदले गेले होते, आणि प्रवेश घेणाऱ्या कोणालाही ते सांगण्यात आले नव्हते. लिहाय याला अपवाद नव्हते. गुन्ह्यांचे आकडे स्वतःहून बाहेर देणारी कॉलेजे अगदी थोडी होती, कारण तसे केले तर शेजारचे न सांगणारे कॉलेज आपोआप सुरक्षित ठरे. ही कोंडी सद्भावनेने फुटणारी नव्हती; सर्वांवर एकाच दिवशी सक्ती झाली तरच ती फुटणार होती. क्लेरी दांपत्याने नुकसानभरपाईच्या पैशांतून १९८७ मध्ये संस्था काढली आणि विधिमंडळांचे उंबरे झिजवले. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९८८ मध्ये झाला, आणि नोव्हेंबर १९९० मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी संघीय कायद्यावर सही केली. १९९८ पासून तो जीन क्लेरीच्या नावाने ओळखला जातो.

या कायद्याची करामत अशी की त्यात पहाऱ्याबद्दल फारसे काही नाही. किती पोलीस ठेवा, दारांना कोणती कुलपे लावा, हे तो सांगत नाही. केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, म्हणजे जवळजवळ सर्वच संस्थांनी, दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करायचे. धोका चालू असेल तर वेळेवर इशारा द्यायचा. रोजच्या गुन्ह्यांची नोंदवही कोणालाही पाहू द्यायची. वसतिगृहाच्या दाराशी बसणारी वॉर्डन गेल्यावर जी जागा रिकामी झाली होती ती इथे माहितीने भरली गेली. आता प्रौढ ठरलेल्या विद्यार्थ्याला कोणी कोंडून ठेवणार नव्हते, पण कुठे काय घडते हे त्याच्यापासून लपवताही येणार नव्हते. हे अहवाल विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर असतात. मुलीला अमेरिकेत पाठवू पाहणारे सांगलीतले किंवा नाशिकचे आईवडीलही ते वाचू शकतात, जरी प्रवेशाच्या धांदलीत ते क्वचितच उघडले जात असले तरी.

आकड्यांचे एक दुखणे कायद्यासोबतच आले. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी शून्य दाखवणारे कॉलेज बहुधा सुरक्षित नसते. तिथे तक्रार करायला कोणी धजत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. तक्रारीची सोय सुधारली की आकडा वाढतो आणि संस्थेची बदनामी होते. लपवाछपवी करणाऱ्यांना दंड झाले, पण उशिरा: मुलांवरील अत्याचारांच्या प्रकरणानंतर पेन स्टेट विद्यापीठाला २०१६ मध्ये सुमारे २४ लाख डॉलर, मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख, आणि व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख.

‘वेळेवर इशारा’ म्हणजे किती वेळात, हे कायद्याने सांगितले नव्हते. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये त्या संदिग्धतेची किंमत कळली. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांनी हे खासगी भांडण असावे असे धरून भलत्याच माणसाचा माग काढला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल ९ वाजून २६ मिनिटांनी गेला, तोही मोघम. त्यानंतर पंधराएक मिनिटांनी मारेकरी नॉरिस हॉलमध्ये बाहेरची दारे आतून साखळीने बांधून वर्गावर्गांत शिरला आणि त्याने आणखी तीस जणांना मारले. मृतांत मूळचे तमिळनाडूचे, स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. नाझी छळातून वाचलेले ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू वर्गाचे दार अडवून उभे राहिले, तेवढ्यात त्यांचे बरेच विद्यार्थी खिडकीतून उड्या टाकून वाचले.

राज्यपालांनी नेमलेल्या समितीच्या अहवालात ऑस्टिनची ती जुनी गोष्ट नव्या तपशिलाने परत आली. मारेकरी विद्यार्थ्याच्या लिखाणाने कवयित्री प्राध्यापिका निक्की जोव्हानी यांचा वर्ग धास्तावला होता आणि त्यांनी त्याला वर्गातून हलवायला लावले होते. पोलिसांकडे मुलींच्या तक्रारी होत्या. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीशाने त्याला मानसोपचार घेण्याचा आदेश दिला होता. विभाग, पोलीस, वसतिगृह, दवाखाना, प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होते. विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा कायदा आड येतो अशा गैरसमजाने कोणी दुसऱ्याला सांगितले नाही. कायदा प्रत्यक्षात तितका आड येत नव्हता. व्हर्जिनियाने २००८ मध्ये सरकारी विद्यापीठांना धोक्याची चिन्हे तपासणारे संयुक्त पथक सक्तीचे केले, ज्यात पोलीस, समुपदेशक आणि विद्यार्थी विभागाचे अधिकारी एकत्र बसतात. त्याच वर्षी क्लेरी कायद्यात भर पडली: धोक्याची खात्री पटताच सर्वांना तातडीने कळवायचे आणि ती यंत्रणा वर्षातून निदान एकदा चालवून पाहायची. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येणारे इशाऱ्याचे संदेश तेव्हापासून सार्वत्रिक झाले. खुद्द व्हर्जिनिया टेकला झालेला ५५ हजार डॉलरचा दंड अपिलांच्या फेऱ्यांनंतर ३२,५०० वर आला.

बंदुकीच्या प्रश्नावर एकमत कधीच झाले नाही. टेक्ससमध्ये परवानाधारकांना विद्यापीठाच्या इमारतींत लपवलेले पिस्तूल नेण्याची मुभा देणारा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी, मनोऱ्यावरच्या गोळीबाराला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, लागू झाला. ऑस्टिनच्या अनेक प्राध्यापकांनी त्याला विरोध केला. तिघींनी न्यायालयातही दाद मागितली आणि त्या हरल्या.

दरम्यान विद्यापीठ पोलिसांविषयीचा जुना संशयही परतला. नोव्हेंबर २०११ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाटेवर शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर विद्यापीठाच्याच पोलिसाने मिरपुडीचा फवारा मारला आणि ती चित्रफीत जगभर गेली. २०१५ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या पोलिसाने आवाराबाहेर, मोटारीला पुढची नंबर पाटी नसल्यावरून अडवलेल्या सॅम्युएल ड्युबोस या कृष्णवर्णीय माणसाला गोळी घातली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने स्वतःचे दल उभारायचे ठरवले, तेव्हा २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत महिनाभर ठाण मांडले. त्यांचा आक्षेप असा, की ज्या दलाचा पगार विद्यापीठ देते त्याला आसपासच्या गरीब वस्तीतली माणसे जाब कशी विचारणार? येलच्या त्या दोन पोलिसांनी गाव आणि कॉलेज यांच्यामध्ये उभे राहायचे होते. इथे पोलीस पूर्णपणे कॉलेजच्या बाजूला जाऊन उभा राहिला, ही तक्रार होती.

डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी सही केलेल्या दुरुस्तीने क्लेरी कायद्याच्या नावात ‘कॅम्पस सेफ्टी’ हे शब्द आले आणि वार्षिक अहवालात एक नवा रकाना जोडला गेला. भारतात ज्याला रॅगिंग म्हणतात त्याचा अमेरिकी भाऊबंद असलेल्या ‘हेझिंग’च्या घटनांचा. विद्यार्थी मंडळांत प्रवेश देताना नवख्यांना दारू पाजून, मारून, उपाशी ठेवून घेतलेल्या या परीक्षांनी दीडशे वर्षांत अनेक तरुण मेले, तरी १९९० च्या यादीत त्यांना जागा नव्हती. १ जानेवारी २०२५ पासून घडलेल्या घटनांची मोजणी सुरू झाली. ते आकडे प्रथम ऑक्टोबर २०२६ च्या अहवालांत छापले जावेत अशी तरतूद आहे.